खडी, चढ आणि बारा वाजता झोपणारी गावं

ग्रॅव्हल बाइक म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ऑफिसात मला आतापर्यंत किमान दहा जणांनी विचारलाय. "म्हणजे एमटीबीच ना?" नाही. "मग रोड बाइक?" तीही नाही. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद. डिस्क ब्रेक, आणि चढावर पाय फिरत राहतील असा हलका गिअर. बहुतेकदा टायरमध्ये ट्यूब नसते, आत एक पांढरा चिकट द्रव असतो. काटा लागला की तोच भोक बुजवतो. हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे खडीवर हाडं खिळखिळी होत नाहीत. संपलं.

गंमत म्हणजे ह्यात नवीन फारसं काही नाही. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू झाली तेव्हा रस्ते बहुतेक कच्चेच होते. १९१० साली पिरेनीजमधला तूरमाले घाट पहिल्यांदा शर्यतीत आला, तोही माती-दगडांचाच. चालत्या सायकलवर गिअर बदलणारा डिरेल्युअर तर ह्या शर्यतीने १९३७ साली मान्य केला. म्हणजे त्या काळी ग्रॅव्हल बाइकला नुसतं 'सायकल' म्हणायचे. आपल्या इंडस्ट्रीत जसं जुनंच फीचर नवीन व्हर्जन नंबर लावून पुन्हा विकतात, तसाच प्रकार. असो. मीही विकत घेतलीच की!

तुलूझमध्ये नोकरी करणारा एक कॉलेजमित्र बरीच वर्षं बोलावत होता. शेवटी मे महिन्यात योग आला आणि आम्ही दोघं फिजॅकहून काओरला निघालो. डांबरी रस्त्याने हे अंतर सत्तरएक किलोमीटर. आम्ही चार दिवस लावले, कारण डांबर शक्य तितकं टाळायचं ठरवलं होतं.

फिजॅक हे शाँपोलिओंचं जन्मगाव. रोझेटा शिळेच्या आधाराने १८२२ साली चित्रलिपीचं कोडं सोडवणारा तोच हा माणूस. त्याच्या घराजवळच्या छोट्या चौकात त्या शिळेची अवाढव्य काळी प्रतिकृती फरशीसारखी जमिनीवर अंथरलीय. लोक तिच्यावरून चालतात. डॉक्युमेंटेशन नसलेला जुना कोड वाचायची ज्यांच्यावर वेळ आलीय, त्यांनी इथे एकदा डोकं टेकवायला हरकत नाही.

गाव सुटलं की चढ सुरू होतो आणि वर 'कोस' लागतो. हा आपला अंतर मोजायचा कोस नव्हे, चुनखडीच्या पठाराला तिथे कोस म्हणतात. खुरटे ओक, फिकट दगड, मधूनच डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेल्या मेंढ्या (सगळ्या गॉगल लावून बसल्यासारख्या), आणि दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेले गडगे. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातल्या माणसाला गलबलून यावं इतके ओळखीचे. शेतातले दगड वेचायचे आणि कडेला रचायचे, हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या. जास्त दगड उरले की त्यांचीच टोपीसारखी गोल खोपटी बांधायची, मेंढपाळाला पावसात बसायला.

पठारावर पाणी मात्र नाही. चुनखडी सगळं पाणी पिऊन खाली सोडते, नद्या जमिनीखालून वाहतात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या दोन्ही बाटल्या कोरड्या झाल्या.

"दुकान कुठेय रे?"

"दुकान विसर. स्मशान शोध."

मला वाटलं, उन्हाने ह्याचं डोकं फिरलं. पण तिथल्या सायकलवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. गावातलं एकमेव दुकान बंद असेल, कधीकधी गावात दुकानच नसेल, पण दफनभूमीच्या फाटकाशी फुलांना पाणी घालायला नळ बहुधा असतोच. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना एवढं बघायचं. मी पाणी भरत होतो तेव्हा एक आजी थडग्यावरच्या कुंड्या नीट करत होत्या. आम्ही "बाँझूर" म्हटलं, त्यांनीही म्हटलं. (तिकडे बाँझूर न म्हणता काही विचारणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं.) मित्र त्यांच्याशी बराच वेळ बोलत राहिला. पुढे चढावर त्याने सांगितलं, त्यांच्या लहानपणी गावात शाळा होती, बेकरी होती, दोन कॅफे होते. आता पावाची गाडी येते, तीही रोज नाही.

बारा वाजले की उरलंसुरलं गावही झोपतं. दोनपर्यंत शटर खाली. सुरुवातीला चिडचिड झाली, तिसऱ्या दिवशी आम्हीही चर्चच्या सावलीत पाव, बकरीच्या दुधाचं रोकामादूरचं चपटं चीज आणि टोमॅटो खाऊन आडवे झालो. पुणेकराला ह्यात अपरिचित असं काहीच नव्हतं.

सँ-सिर्क-लापोपी हे ह्या भागातलं सेलिब्रिटी गाव. लॉट नदीवरच्या उभ्या कड्यावर, पाण्यापासून सुमारे शंभर मीटर उंच. मध्ययुगात अशी गावं कड्यावर का बसली ते सायकलवर आपोआप कळतं. जिथे २८ दातांच्या गिअरला घाम फुटतो तिथे चिलखत घालून कोण चढणार? आणि भीती खरीच होती. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहात हा केर्सी प्रांत इंग्रजांकडे गेला, शंभर वर्षांच्या युद्धात तो सरहद्दीवर भरडला गेला. ह्याच गावात बॉक्सवुडच्या लाकडाचे वाइनच्या पिंपांना लागणारे नळ घडवणारे कारागीर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेराच्या किडीने काओरचे द्राक्षमळे संपवले आणि असे सगळे धंदे ओस पडत गेले. गाव रिकामं होत गेलं. मग कलाकार आले. कवी आंद्रे ब्रताँने १९५० नंतर इथेच घर घेतलं. त्यानंतर आले पर्यटक. आज कायमचे रहिवासी दोनशेच्या आसपास, आणि उन्हाळ्यात पार्किंगला जागा मिळत नाही. गल्ल्या अप्रतिम आहेत, खोटं कशाला बोलू. पण दोरीवर वाळत घातलेला एखादा शर्ट दिसावा असं सारखं वाटत राहिलं.

मला जास्त लक्षात राहिली ती मधली, बिननावाची गावं आणि त्यांना जोडणारे रस्ते. काही ठिकाणी दोन गडग्यांच्या मधून, झाडांच्या कमानीखालून जाणारी वाट होती. हुबेहूब पाणंद. ह्यातला काही भाग काँकहून सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंचा, त्याचे काही पट्टे युनेस्कोने १९९८ साली वारसायादीत घेतले. पण बाकीच्या शेकडो वाटांना असा मान नाही. फ्रेंच कायद्यात त्यांना 'शमँ र्‍युराल' म्हणतात. मालकी ग्रामपंचायतीची, वापर सगळ्यांचा. आणि त्यातली खोच अशी, की लोकांनी वाट वापरणं सोडलं तर रीतसर चौकशी करून पंचायत ती विकू शकते. कित्येक वाटा तर न विकताच गेल्या, कोणी नांगर फिरवला, कोणी कुंपण घातलं. ह्याच्यावर आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडेही गावनकाशावर पाणंद असते आणि जागेवर ऊस असतो.

म्हणजे वाट ही वस्तू दगडांनी टिकत नाही, पायांनी टिकते. (आणि चाकांनीही!) आमच्यासारखे चार दिवसांचे पाहुणे गावात शाळा परत आणू शकत नाहीत, हे उघड आहे. आमच्या पाव-चीजने तिथलं अर्थकारण हलत नाही. पण नकाशावरची तुटक रेघ अजून वाट आहे, तिच्यावर माणसं येतात, एवढा पुरावा टायरच्या खुणांनी ठेवता येतो. फार मोठं काम नाही. सहलीच्या मानाने पुष्कळ आहे.

काओरचा व्हालाँत्रे पूल १३०८ साली सुरू झाला आणि पूर्ण व्हायला सत्तरएक वर्षं लागली. दंतकथा अशी की कंटाळलेल्या मिस्त्रीने सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगून फसवला. तेव्हापासून सैतान रोज रात्री मनोऱ्याच्या कोपऱ्यातला एक दगड काढतो. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारदाने त्या जागी छोटासा सैतानच कोरून बसवला. तोंडातोंडी चालत आलेला बग रीतसर कोडमध्ये नोंदवून ठेवला म्हणायचा!

जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर बघा. पुढे शिकारीचा हंगाम भरात येतो, तेव्हा भडक रंगाचा शर्ट घाला. सोबत दोन नाही, तीन बाटल्या ठेवा. आणि एवढ्या लांब जायचं नसेल तर येत्या रविवारी आपल्याच गावाकडची एखादी पाणंद शोधा. सापडलीच, तर तिच्यावरून सायकल घालून या.