रतन टाटांचं भाषण आणि आपल्याकडची स्टेजं

वक्तृत्वाच्या शिबिरात शिकवतात : आवाज चढवा, हातवारे करा, टाळ्या घ्या. या मापाने रतन टाटा जेमतेम काठावर पास होतील. हळू आवाज, बोलता बोलता थांबणं, जोश असा नाहीच.

तरी मला त्यांचं 10 जानेवारी 2008 चं दिल्लीतलं नॅनोचं भाषण मोठं वाटतं. स्वतः गाडी चालवत स्टेजवर आले. चार वर्षांत स्टील, टायर सगळं महागलं, हे आधी सांगितलं. मग किंमत जाहीर केली : डीलरकडे एक लाखच, कर आणि वाहतूक वेगळी. कारण काय, तर दिलेला शब्द म्हणजे शब्द!

पुढे नॅनो चालली नाही, हे खरंच. पण 'सर्वात स्वस्त गाडी' हा शिक्का तिला नडला आणि तो मारण्यात आमचाही हात होता, हेही त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. असं बोलायला छाती लागते राव.

आपल्या नंदुरबार-शहाद्यात भाषणांना काय तोटा? स्वागत, सत्कार, मग 'कारखाने आणू, रोजगार देऊ'. टाळ्या कडकडून. आणि दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याची माणसं लेकराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला निघतात.

म्हणून मित्रांनो, कोण किती छान बोलला ते राहू द्या. पुढच्या सभेत एकच विचारा : "साहेब, मागच्या वेळी बोलला होतात, त्याचं काय झालं?"

पटतंय का?