गळ आमचा, बंदूक कुणाची?



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारचा अभ्यासवर्ग चालू होता. विषय पंचशील. पहिल्या शीलावर बोलून होतंय तोवर बारावीतल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. त्यात आमचाच फोटो. उजनीचा काठ, हातात चारेक किलोचा कटला आणि चेहऱ्यावर मावत नाही इतका आनंद. पोरगं म्हणालं, "दादा, इथं पाणातिपाता शिकवता आणि तिथं हे काय?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत प्रश्न सोबत आला. प्रामाणिक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

आधी कबुली. आम्हाला मासे धरायला आवडतं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून पॅसेंजरने जेऊरला उतरायचं आणि तिथून करमाळा तालुक्यातल्या मामाच्या गावी जायचं. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि पाणी मामाच्या शिवारापर्यंत आलं. गाव अर्धं उठलं. पण आम्हा पोरांना तेव्हा विस्थापन हा शब्द माहीत नव्हता, पाणी तेवढं माहीत होतं. बांबूची काठी, तंगूस, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा. तो तुकडा बुडाला की मामा हळूच म्हणायचा, "थांब, गिळू दे." चिलापी सगळ्यात जास्त लागायची. मरळ लागली तर गावभर बातमी व्हायची. संध्याकाळी तिखट कालवण आणि भाकरी. मामा, वडील, चुलत-मावस भाऊ, सगळे एका ताटात. आमच्या आयुष्यातले सर्वांत निवांत तास त्या काठावर गेलेत, हे सांगायला लाज वाटत नाही.

आणि वाटूही नये. कारण मोकळा वेळ ही चीज आपल्या समाजाला कुणी दान दिलेली नाही. आमचे आजोबा सोलापुरात गिरणी कामगार. त्यांची रविवारची सुट्टी आली कुठून? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला, तेव्हा 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी ती मान्य केली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1945 मध्ये कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी रजेचा कायदा झाला आणि 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. आजोबा रविवारी तळ्यावर गळ टाकून बसायचे, त्या बसण्यामागे एवढा इतिहास उभा आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाच्या विचारवंताने 1899 मध्ये 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' हा ग्रंथ लिहिला. कष्ट न करणारा वर्ग शिकारीसारखे छंद मिरवून आपलं मोठेपण दाखवतो, असं तो सांगतो. आजोबांचं बसणं त्यातलं नव्हतं. ती आठवडाभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची विश्रांती होती, आणि घरी कालवणाची सोय.

पण गोष्ट इथेच संपत नाही. कारण मासा झाला, बदक राहिलं.

आम्ही सातवीत असू. पौषातली कडाक्याची थंडी. गावातल्या एका बड्या घरातला माणूस पाहुण्यांना घेऊन जीपमधून पाण्यावर आला. बंदूक होती. त्याने मामाला हाक मारली, "पोरं घेऊन ये रे." मामा खूश झाला. आम्ही तर हवेत. बंदूक जवळून बघायला मिळणार होती! बार झाला, थवा उठला, चार-पाच पक्षी पाण्यात पडले. मग आमचं काम सुरू झालं. छातीएवढ्या गार पाण्यात उतरायचं आणि पडलेली बदकं काठावर आणून द्यायची. पाहुणे शेकोटीपाशी उभे. आमच्या हाती आलेलं बदक जिवंत होतं. एक पंख मोडलेला, लांब टोकदार शेपटी, डोळा उघडा. छातीतली धडधड तळहाताला कळत होती. "मान पिरगाळ," काठावरून आवाज आला. आम्ही पिरगाळली.

जाताना त्यांनी एक बदक मामाकडे टाकलं. हातात दिलं नाही, टाकलं. घरी शिजलं, आम्ही खाल्लं. खोटं कशाला सांगू, चवीला छान लागलं. शाळेत महिनाभर फुशारकी मारली. त्या पक्ष्याला तलवार बदक म्हणतात आणि तो आशियाच्या थेट उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो, हे पुस्तकात वाचलं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. आणि त्या शिकारीत आपण शिकारी नव्हतोच, हे कळायला त्याहून जास्त वर्षं लागली. साहेबाच्या शिकारीत पडलेलं पाखरू तोंडात धरून आणायला कुत्रा असतो. त्या दिवशी ते काम आमच्याकडे होतं, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटला होता.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. 20 मार्च 1927. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. ज्या तळ्यावर गुरं-पाखरं पाणी पीत होती, तिथे माणसं पाणी प्यायली म्हणून त्यांची डोकी फुटली. तो हक्क मुंबई हायकोर्टात शाबीत व्हायला 1937 चा मार्च उजाडला. दुसरी तारीख 12 नोव्हेंबर 1938. भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो आणि पाहुण्यांनी एका दिवसात 4,273 पक्षी मारले. त्याची नोंद अभिमानाने दगडावर कोरून ठेवली आहे. एका तळ्यावर तहान भागवणं गुन्हा, दुसऱ्या तळ्यावर मजेखातर संहार हा मान! पाणी कुणाचं, मौज कुणाची आणि रक्त कुणाचं, हे या देशात सत्ता आणि जात ठरवत आली.

मग उत्तर काय? सगळं सोडून शाकाहारी व्हायचं? आपल्यातले काही जण तसं सुचवतात. त्यांचा व्यक्तिगत निर्णय असेल तर आदर आहे. पण "चांगले लोक मांस-मच्छी खात नाहीत" म्हणून सोडत असाल, तर एम. एन. श्रीनिवास ज्याला संस्कृतीकरण म्हणतात तेच ते. वरच्यांची नक्कल करून वर जाण्याचा प्रयत्न. काय खाता हे विचारून घर भाड्याने नाकारणाऱ्या शहरात आपण त्यांचीच फूटपट्टी उचलायची का? ताटावरून माणसाची पायरी ठरवणं हेच तर अस्पृश्यतेच्या मुळाशी आहे, असं बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये मांडलं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेची उकल केली आहे. गरजेपोटी जीव घेणं आणि मारण्याच्या हौसेपोटी जीव घेणं यांत ते फरक करतात. अहिंसा हा आंधळा नियम नाही, विचार करून पाळायचं तत्त्व आहे. त्याच ग्रंथात सिद्धार्थाचे मित्र त्याला शिकारीला चल म्हणून आग्रह करतात आणि तो नकार देतो. देवदत्ताने बाण मारलेला पक्षी तो वाचवतो, आणि पक्षी मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा या वादात निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने होतो. आम्ही त्या निवाड्यात बसून बघितलं. कालवणापुरती चिलापी कुठे बसते, यावर वाद होऊ शकतो. पण बंदुकीची हौस कुठे बसते, यावर वाद नाही.

आता कुणी म्हणेल, उजनीवर रोज होड्या घालणारे भोई बांधव काय करतात? ते पोट भरतात. आमचा रविवार आणि त्यांचा सोमवार यांत फरक आहे, तो आम्ही विसरत नाही. म्हणून ठेका ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकत नाही. पावसाळ्यात गाभोळीने भरलेली मासोळी धरत नाही.

कायद्याचंही ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीला जागाच उरली नाही. रानबदक मारणं हा गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो. पण कायदा पकडतो कुणाला? फासे लावून तित्तर धरणारा पारधी लगेच सापडतो. ज्या समाजाला इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं, याच सोलापुरात काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये ज्यांच्यासारख्या जमाती कोंडल्या, 31 ऑगस्ट 1952 ला जे विमुक्त झाले, त्यांच्याकडे आजही पहिलं बोट जातं. जीपमधल्या बंदुकीचं नाव क्वचितच कागदावर येतं. पाखरं वाचवायची असतील तर पारध्याच्या पोराला शाळा आणि रोजगार द्या, आणि जीप अडवा. दोन्ही एकदम.

एक हिशोब आमच्या घरातलाही आहे. त्या सगळ्या सहलींत आमची आई कुठे होती? चुलीपाशी, राख लावून मासे साफ करत. मौज पुरुषांची, खवले तिच्या हाताला. हल्ली बहीण आणि भाच्या गळ घेऊन आमच्या शेजारी बसतात, आणि साफ करायला आम्ही बसतो. बोटं कापतात, मग कळतं. काठावरच्या पार्टीत बाटली आली तर आम्ही उठतो. पाचवं शील आहेच, शिवाय धरणाच्या पाण्यात प्यायलेला पोहणारा परत येईलच असं नाही.

गेल्या रविवारी अभ्यासवर्गातल्या पोरांना घेऊन हिप्परग्याच्या तलावावर गेलो. तो प्रश्न विचारणाराही होता. उसनी आणलेली दुर्बीण एकच, पोरं बारा. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस काठावर चरत होते. पाण्यात बदकांचा थवा होता. त्या पोराने दुर्बीण लावली आणि विचारलं, "लांब शेपटीचं ते कुठलं?"

आम्ही नाव सांगितलं. मग सातवीतल्या त्या थंडीची गोष्टही सांगितली, मान पिरगाळल्यासकट. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने दुर्बीण पुढच्याकडे दिली आणि म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी गळ घेऊन उजनीला नेणार ना?"

नेणार आहोत. साफ करायलाही त्यालाच बसवणार आहोत.

नमो बुद्धाय, जयभीम!