शातो गायार

उत्तर फ्रान्समध्ये सीन नदी एक मोठे वळण घेते. तेथे आंदली नावाचे गाव आहे, आणि गावाच्या वर, पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर, एक भग्न किल्ला उभा आहे. त्याचे नाव शातो गायार.

सिंहहृदयी म्हणून गाजलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड हा नॉर्मंडी प्रांताचाही धनी होता. फ्रान्सच्या फिलिप राजापासून त्या प्रांताचे रक्षण व्हावे म्हणून त्याने ११९६ साली हा किल्ला बांधावयास घेतला आणि अवघ्या दोन वर्षांत तो पुरा केला. एकामागे एक असे तीन कोट, मध्ये खडकात खोदलेले खंदक! सर्वांत आतला तट तर मोठा नवलाचा. त्याची बाहेरची बाजू सपाट नाही. गोल बुरूज एकमेकांना चिकटवून उभे करावेत, तशी ती फुगीर आहे. यंत्राने फेकलेला धोंडा अशा वळणावरून निसटून जावा, ही त्यातील युक्ती.

रिचर्ड ११९९ मध्ये वारला. त्याचा भाऊ जॉन गादीवर असताना, १२०३ साली, फिलिपने किल्ल्याला वेढा घातला. गावातील माणसे जीव वाचविण्यासाठी आत शिरली. रसद मात्र मोजकीच होती. तेव्हा किल्लेदार रॉजर द लेसी याने गावकऱ्यांना बाहेर काढले. पहिल्या काही टोळ्यांना शत्रूने वाट दिली. पुढे मात्र फिलिपनेच वाट अडविण्याचा हुकूम दिला. ती माणसे माघारी आली, तो किल्ल्याचे दार बंद! ऐन हिवाळ्यात बायका, मुले, म्हातारी माणसे दोन्ही सैन्यांच्या मधल्या उघड्या जागेत अडकली. मिळेल तो पाला त्यांनी खाल्ला. कित्येक उपासमारीने मेली. अखेर फिलिपलाच दया आली आणि उरलेल्यांना अन्न मिळाले. ही हकीकत त्याच्याच पदरच्या विल्यम नावाच्या धर्मगुरूने लिहून ठेवली आहे. एवढ्या विचाराने उभारलेल्या त्या तटांना आपल्याच गावाची माणसे राखता आली नाहीत.

आणि तट तरी कोठे टिकले? बाहेरचा कोट सुरुंगांनी ढासळला. मधल्या कोटात काही शिपाई एका असुरक्षित वाटेने चढून गेले. आतल्या कोटाच्या दाराशी खडकाचाच पूल राखलेला होता. त्याच्या आडोशाने शत्रूने तटाखाली भुयार खणले. ६ मार्च १२०४ रोजी किल्ला पडला, आणि त्याच वर्षी नॉर्मंडीची राजधानी रूआंही फिलिपच्या हाती गेली.

पुढे १५९९ मध्ये चौथ्या हेन्री राजाने किल्ला पाडण्यास संमती दिली. तरीही तो वळणावळणाचा तट बराचसा शिल्लक आहे, आणि खालून सीन नदी वाहतच आहे.