शुद्ध आहे, पण काम करतं का?

प्रथिनं शुद्ध करणाऱ्यांचा जेलवरच्या पट्टीवर फार जीव असतो. कूमासीचा जादा रंग धुऊन निघाला की मागे एकच ठळक निळी रेघ उरते. तिचा फोटो सेमिनारात मिरवतो, विकत आणलेल्या कुपीसोबतच्या कागदावरही तोच छापलेला असतो : शुद्धता ९५ टक्के. मला त्या पट्टीचं कौतुक जरा कमीच.

माझं काम मानवी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमवर चालतं. पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. ५१५ अमिनो आम्लांची साखळी, वजन ५९ किलोडाल्टनच्या आसपास. तांबड्या रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे ऑक्सिडीकरणापासून वाचवणाऱ्या एनएडीपीएचसाठी तिची सगळी भिस्त या एन्झाइमच्या वाटेवर. ते दुबळं असलेल्या माणसाला हिवतापासाठी प्रायमाक्विन दिलं, तर पेशी फुटू लागतात. या फुटण्यामागे एन्झाइमची कमतरता आहे, हे शिकागोच्या संशोधकांनी १९५६ मध्ये दाखवलं.

तेव्हा एन्झाइम मिळवायचं तर रक्तच लागे. आता मानवी जनुक ई. कोलायमध्ये घालून जिवाणूकडून ते करून घेता येतं. वाढ ३७ अंशांना होऊ द्यायची, मग फ्लास्क गार करून जनुक चालू करणारं आयपीटीजी घालायचं आणि रात्रभर १८-२० अंशांवर हलत ठेवायचं. उष्णतेत घाईने बनलेल्या साखळीची घडी बसत नाही, तिचे निरुपयोगी गोळे होतात. सकाळी पेशी बर्फात ठेवून सोनिकेटरने थांबत थांबत फोडायच्या, फेस येऊ द्यायचा नाही. मग प्रथिन धरून ठेवणारा निकेलचा कॉलम, ते सोडवणारं इमिडॅझोल, आणि ती लाडकी पट्टी.

खरी मेख पुढे आहे. ई. कोलायकडे याच कामाचं स्वतःचं एन्झाइम असतं. त्यातलं थोडं जरी कॉलममधून सोबत आलं, तरी जेलवर ते दिसेलच असं नाही. धडधाकट मानवी एन्झाइम तपासताना फारसं बिघडत नाही. पण रुग्णात सापडलेला, जेमतेम काम करणारा प्रकार तपासत असाल, तर मिळालेला आकडा माणसाचा की जिवाणूचा? म्हणून ज्यात ते जनुकच काढून टाकलंय असा ई. कोलाय वापरावा. हे माहीत असूनही नेहमीचाच वाण वापरणारे पुष्कळ आहेत. सोय मोठी असते.

उलटही घडतं. पट्टी देखणी, एन्झाइम मेलेलं. मानवी जी-सिक्स-पीडीला एनएडीपी दोन ठिकाणी धरता येतं : एक अभिक्रियेसाठी, दुसरं निव्वळ रचना सावरायला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत हे दुसरं एनएडीपी दिसलं. तेव्हा इमिडॅझोल काढताना बफरमध्ये एनएडीपी नसेल, तर रेणू सैल पडत जातो. जेलला याचा पत्ता नसतो, कारण जेलवर चढवण्याआधी आपण प्रथिन उकळूनच घेतो!

म्हणून माझा भरवसा क्युव्हेटवर. बफर, मॅग्नेशियम, एनएडीपी, ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट, आणि शेवटी एन्झाइमचा थेंब. ३४० नॅनोमीटरला एनएडीपी प्रकाश शोषत नाही, एनएडीपीएच शोषतं. शोषणाची रेघ चढू लागते. सुरुवातीला सरळ, मग वाकते. उतार मोजायचा तो सरळ भागाचा. मिनिटाला एक मायक्रोमोल एनएडीपीएच म्हणजे एक युनिट.

मोजमापालाही मर्यादा आहेतच. आपल्या कल्याणच्या नावाचा एक दुबळा प्रकार आहे, जी-सिक्स-पीडी कल्याण; दुसरा केरळ. मोजमापांवरून दोन्ही वेगवेगळे म्हणून नोंदवले गेले होते. १९९२ मध्ये जनुक वाचलं तेव्हा दोन्हींत बदल एकच निघाला : ३१७ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन. जनुक हाती असल्याने असा बदल आज प्रयोगशाळेत मुद्दाम करता येतो, आणि मूळ एन्झाइमशेजारी ठेवून एकाच दिवशी, एकाच बफरमध्ये मोजता येतो. मला या तंत्राचं मोल वाटतं ते यासाठी.

तेव्हा कुपी मागवणार असाल, तर मिलिग्रॅमचा भाव नंतर विचारा. मिलिग्रॅममागे युनिट किती, कोणत्या तापमानाला मोजली, बफरमध्ये एनएडीपी आहे का, जिवाणूचं स्वतःचं जनुक काढलं होतं का, हे आधी विचारा. आणि कुपी आली की वापरण्याआधी एकदा स्वतः मोजा.