आई, तू असतेस कुठे?

गॅसवर दूध उतू जात होते. बोट कापलेली आठ वर्षांची लेक "आई, आई" करून रडत होती. आणि आई ओट्याशी नुसती उभी! तिला दिसत होते, ऐकू येत होते. पण सारे काचेपलीकडे चालल्यासारखे. स्वतःचे हातही परक्याचे वाटत होते. ती भानावर आली तेव्हा सासूबाईंनी नातीच्या बोटाला हळद लावली होती. "सूनबाई, तुझं लक्ष असतं तरी कुठे?"

उत्तर तिच्याजवळ नव्हते. असे वारंवार होई. कुणी तिला आळशी म्हटले, कुणी बाहेरची बाधा. देवऋषाचा अंगाराही लावून झाला. तिला मात्र एकच भीती पोखरत होती. आपल्यात आईची मायाच नाही की काय?

शेवटी नवरा तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी फिट्स, डोक्याला मार, चालू औषधे यांची चौकशी केली. ईईजी काढला, तो ठीक होता. मग त्यांनी शांतपणे विचारले, "आपणच आपल्याला दुरून पाहतोय, असं वाटतं का? आजूबाजूचं सगळं स्वप्नातलं वाटतं?"

तिचे डोळे भरून आले. हे आजवर कुणी विचारलेच नव्हते.

"पहिल्यांदा असं कधी झालं?"

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून किल्लारीचा परिसर झोपला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. नऊ वर्षांची ती ढिगाऱ्याखाली होती. शेजारून आई हाका मारत होती. मग हाका थांबल्या.

"तेव्हा मी वरून बघत होते, डॉक्टर. खाली कुणी दुसरीच मुलगी अडकली होती."

डॉक्टरांनी समजावले, सोसवेनासे झाले की मन असे बाजूला होते. ती त्याची ढाल असते. संकट टळल्यावरही ढाल खाली आली नाही, तर तो आजार होतो. आघातानंतरच्या या ताणविकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९८० साली स्थान मिळाले. २०१३ च्या आवृत्तीत अशा तुटलेपणाचा वेगळा उपप्रकार नोंदवला गेला. रक्ताच्या तपासणीत तो सापडत नाही. नकोशा आठवणी, दुःस्वप्ने, त्या विषयाची टाळाटाळ, बधिरपणा, सतत दचकणे हे सारे महिन्याहून अधिक टिकते का, रोजच्या जगण्यात अडथळा आणते का, हे विचारून आणि ऐकूनच निदान होते.

बाधा नव्हती, मायाही आटली नव्हती. लेकीच्या हाकेत तिला आपल्या आईची हाक ऐकू येत होती.

उपचार चालू आहेत. तसे वाटू लागले की ती थंड पाण्याचा पेला घट्ट धरते, पाय फरशीवर टेकवते, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेते. लेकही आता लांबून हाका मारत राहत नाही. जवळ येऊन हात धरते.

"आई, मी इथे आहे."

"मीही," ती म्हणते. कधी लगेच, कधी जरा उशिराने.