सातशे दहाचा शिक्का

"साहेब, मरीनच आहे. शिक्का बघा की!" दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

कयाकसाठी सहा मिलिमीटरचा प्लाय हवा होता, आठ बाय चारचा. पट्ट्या कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवायच्या, सांध्यांत इपॉक्सी भरून वर काचकापड बसवायचं. इंग्लंडात १९६३ मध्ये 'मिरर' ही छोटी शिडाची होडी याच रीतीनं घरोघरी बनू लागली. आपल्याकडच्या रापणीच्या होड्या त्याच्या कितीतरी आधीपासून काथ्यानं शिवत. असो.

शिक्का होता आयएस ७१०चा, म्हणजे मरीन प्लायचा. असा प्लाय उकळत्या पाण्यात ७२ तास टिकला पाहिजे. शीटच्या कोपऱ्याचा वीतभर तुकडा कापून मी जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. "आज लाकडाचं सार का?" आईनं विचारलं. ७२ तास कुठले! शेजारी वरण शिजेपर्यंत कडा फुगली आणि जेवणं उरकेपर्यंत चिरोट्यासारखे पदर सुटले. मधला थर तर सलगही नव्हता. दोन तुकड्यांमधल्या फटीत सुरीचं पातं सहज शिरत होतं.

ते पदर पिशवीत घालून दुकानात गेलो. "उकळायला कुणी सांगितलं? होडी काय गरम पाण्यात चालवणार?" काउंटरवरचे सगळे हसले. मी बिल पुढं केलं. त्यावर फक्त 'प्लाय' लिहिलेलं. म्हणून सांगतो, बिलावर मानकाचा क्रमांक लिहून घ्याच. आयएसआय खुणेजवळचा सीएम/एल हा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तिथंच, दुकानदारासमोर तपासा. शीटच्या चारही कडा उजेडात बघा आणि पैसे देण्याआधी तुकडा मागा. देत नसेल तर उठा.

एवढं बोलून माझी कयाक मात्र मरीनची नाहीच. आयएस ३०३चा, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या दर्जाचा पॉप्लर प्लाय घेतला, बराच स्वस्त. उकळून पाहिला, पदर सुटले नाहीत. कयाक काही बारा महिने पाण्यात नसते, खाडीतून आली की पडवीत उलटी पडते. कडा आणि भोकं इपॉक्सीनं नीट बुजवली की पुरे, पाणी तिथूनच शिरतं. शिवाय गर्जन लाकडाच्या प्लायपेक्षा हलकी, एकट्याला खांद्यावर नेता येते.

आमचा सुतार म्हणतो, काचकापडाखाली तो खोटा प्लायही दोन पावसाळे निघाला असता. असेलही. उरलेल्या शीटचं त्यानं माळ्याला दार केलंय, उत्तम चाललंय. पैसे मात्र मी मरीनचे मोजले होते.