गरम आहे तोवर
डिसेंबरात मिनेसोटामध्ये साडेचारलाच दिवेलागण होते. ऑफिसातून घरी पोचेपर्यंत बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख, बोटं गारठलेली आणि पोटात मात्र सणसणीत भूक. अशा वेळी कांदा-खोबरं भाजून, वाटून रस्सा चढवायचा उत्साह कुठून आणायचा? तो थाट रविवारचा. आठवड्यातल्या मधल्या वारी इथले शेजारी करतात तेच मीही करते. सगळं एका काचेच्या भांड्यात घालायचं आणि ओव्हनच्या हवाली करायचं.

बाकीच्या अमेरिकेत हे कॅसरोल, इथे हॉटडिश. कँपबेल कंपनीने १९३४ मध्ये मशरूमचं क्रीम सूप डब्यात भरून विकायला आणलं आणि पांढरा सॉस ढवळत चुलीपाशी उभं राहायचं काम वाचलं. चर्चच्या जेवणांतल्या हॉटडिशमध्ये या सुपाचा इतका सढळ वापर, की इथली माणसं थट्टेने त्याला ‘ल्युथरन बाइंडर’ म्हणतात.

सूप खारट असतं, पण चवीला मुकं. म्हणून मीठ न घालता मी त्यात आलं-लसूण, हळद आणि भरड कुटलेली मिरी घालते. कांदा-लसूण मसाला अजिबात नाही. त्याचं आणि साईचं पटत नाही. पाऊण कप लांब दाण्याचा कच्चा तांदूळ, डबाभर सूप, कपभर पाणी, वर चिकनच्या बोनलेस मांड्या. छातीचे तुकडे लवकर कोरडे पडतात. मांडीतल्या चरबीमुळे ती रसरशीत राहते. भांड्यावर फॉइल घट्ट बसवायची, नाहीतर वाफ निसटते आणि वरचा तांदूळ कचकचीत राहतो. १९० सेल्सिअसला पाऊण तास, मग फॉइल काढून थोडा रंग येऊ द्यायचा.

तो पाऊण तास हीच माझ्या मते या पदार्थाची खरी चव. गॅसपाशी कुणीच नाही. मुलीचा गृहपाठ होतो, नवऱ्याची कपड्यांची घडी होते, मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसते.

साताऱ्याला आमच्या घरी चिकन असलं की आई तव्यापाशी. भाकरी फुगली की ताटात, ताटातली संपायच्या आत दुसरी. ‘अगं, तूही बस ना,’ असं बाबा म्हणायचे, तेही तोंडातला घास न थांबवता. ती बसायची तेव्हा रश्शावर तवंगाची साय धरलेली असायची.

ती इथे आली तेव्हा या प्रकाराने अस्वस्थच झाली. दोनदा ओव्हनचा दिवा लावून आत वाकून पाहिलं. जेवायला बसली तीही खुर्चीच्या कडेवर, पदर खोचून, कधीही उठायच्या तयारीत. ‘काही वाढू का गं?’ वाढायला काही उरलंच नव्हतं. भांडं टेबलाच्या मधोमध, डाव त्यातच. मी तिला आधी वाढलं. तिने फुंकर घालून एक घास खाल्ला.

‘तिखट नाही,’ ती म्हणाली, ‘पण गरम आहे.’

मग खुर्चीत जरा मागे सरकली आणि कोपऱ्यातली खरपुडी चमच्याने खरवडायला लागली. त्या खरपुडीवर एरवी मुलीचा हक्क. आजी-नातीचं त्यावरून थोडं वाजलंही. उरलेल्याचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न आईचाच, कारण दुसऱ्या दिवशी तिचा गुरुवार. ते माझ्या डब्यात गेलं.